चहापाण्याचे तीन हजार आणि आमची वही



आम्ही मुलुंडहून बोलतोय. मुंबईच्या अगदी टोकाला, ठाण्याच्या वेशीवर आमचं मुलुंड. एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, दुसऱ्या अंगाला मिठागरं आणि खाडी. मुंबई म्हटलं की तुम्हाला वाटत असेल, इथे सगळं कसं सोयीचं. पण डोंगराच्या पायथ्याच्या चाळींमधून राहणाऱ्या आम्हा बायकांची दुखणी तुमच्यासारखीच आहेत. नळाला पाणी कधी येणार, बिल एवढं कसं आलं, आणि वायरमनला फोन केला तर तो येताना काय मागणार.

आमच्या बचत गटात बारा जणी आहेत. कुणी घरकाम करते, कुणी पोळी-भाजीचे डबे देते, कुणी शिलाईकाम. त्यात तिघी मुसलमान आहेत. त्यांतल्या सगळ्यांत मोठ्या त्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. आम्ही त्यांना आपा म्हणतो. गटाच्या खजिनदार त्याच. आज जे बोलणार आहोत ते बरंचसं आपांकडून शिकलेलं आहे.

गोष्ट एका वीजबिलाची आहे. कंपनीचं नाव आम्ही घेत नाही, माणसाचंही नाही. उपनगरांत वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या कंपन्या वीज देतात, आणि असा अनुभव कुणालाही कुठेही येऊ शकतो.

आमच्यातली एक ताई डबे करते. नवरा नाही, दोन मुलं शाळेत. दर महिन्याला सातशेच्या आसपास येणारं बिल एकदम नऊ हजार चारशेचं आलं. ताईचे हातपाय गळाले. चार दिवसांनी कर्मचारी आला. तरुण पोरगा. मीटर बघितला, मान हलवली आणि म्हणाला, "ताई, ऑफिसात गेलात तर हे पूर्ण भरावं लागेल. तीन हजार द्या, मी मिटवून टाकतो."

ताई त्या संध्याकाळी बैठकीला आली आणि तीन हजारांचं कर्ज मागितलं. कशासाठी, तर मीटर दुरुस्ती. आम्ही लगेच हो म्हणालो. खरं सांगायचं तर सगळ्यांना माहीत होतं की दुरुस्ती वगैरे काही नाही. याआधीही दोनदा असं झालं होतं. एकदा पाण्याच्या जोडणीसाठी, एकदा मीटर नावावर करण्यासाठी. दोन्ही वेळा वहीत 'दुरुस्ती' असंच लिहिलं होतं, आणि खाली आमच्या सह्या होत्या.

आपांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मी सही करणार नाही."

ताई रडायला लागली. आम्हाला आपांचा राग आला. एक जण बोललीच, "तुमचं काय जातंय? तिच्या घरात अंधार झाला तर?" आपा शांतपणे म्हणाल्या, "अंधार होऊ देणार नाही. पण आधी एक गोष्ट ऐका." आणि त्यांनी ती सांगितली.

हजरत मुहंमद पैगंबरांच्या काळची गोष्ट. एका माणसाला जकात गोळा करायला एका जमातीकडे पाठवलं होतं. तो माल घेऊन मदिनेला परत आला आणि दोन वाटे करून म्हणाला, एवढा तुमचा आणि एवढा मला लोकांनी भेट म्हणून दिला. पैगंबरांनी ते सगळ्यांसमोर, मिंबरावर उभं राहून बोलून दाखवलं. त्यांच्या बोलण्याचा मतलब असा, की हा आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता, तर या भेटी त्याच्या दारात आल्या असत्या का?

आपा थांबल्या. आम्हीही गप्प झालो. कारण हा प्रश्न सोपा आहे आणि त्यातून सुटका नाही. त्या पोराच्या अंगावर कंपनीचं ओळखपत्र नसतं, तर ताईने त्याला तीन हजार दिले असते का? चहापाणी, दिवाळी, ईदी, खुशी, काहीही म्हणा. देणारी माणसाला देत नाही, त्याच्या खुर्चीला देते. आणि खुर्ची त्याच्या मालकीची नाही. ती त्याच्याकडे अमानत आहे, म्हणजे विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू. इस्लाममध्ये व्यवहाराची सगळी इमारत या अमानत शब्दावर उभी आहे. पैगंबर स्वतः व्यापारी होते. मक्केतले लोक त्यांना अल-अमीन म्हणत, म्हणजे ज्याच्याकडे बिनधास्त ठेव ठेवावी असा माणूस. बीबी खदीजा याही मोठ्या व्यापारी होत्या. त्यांनी आपला माल त्यांच्या हाती सोपवला तो याच भरवशावर.

पुढच्या बैठकीला आपा कुराणाचं मराठी भाषांतर घेऊन आल्या. आम्ही काही धर्मशास्त्र शिकायला बसलो नव्हतो. गटात प्रत्येकीचा देव वेगळा आहे. पण वाचत गेलो तसं वाटलं, हे तर आपल्या मीटरबद्दल, आपल्या पावतीबद्दल बोलतंय.

पहिली गोष्ट मापाची. कुराणात एक पूर्ण सूरा मापात मारणाऱ्यांच्या नावाने आहे, त्र्याऐंशीवी. घेताना पुरेपूर मोजून घेतात आणि देताना कमी देतात, अशांची त्यात खरडपट्टी आहे. आता मीटर म्हणजे काय? तराजूच की. फक्त धान्याऐवजी वीज मोजतो. तो कंपनीने पळवला तर ग्राहकावर अन्याय. पण मैत्रिणींनो, आपण तारेवर आकडा टाकला, मीटरला लोहचुंबक लावला, तर तेही मापात मारणंच आहे. आपल्याकडे काय म्हणतात, सरकारचंच आहे, कंपनीचंच आहे, कुठे कुणाच्या घरचं चोरतोय. पण आकड्याने गेलेल्या विजेचा भार शेवटी प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्या शेजारणीवर आणि गल्लीतल्या डीपीवर पडतो. डीपी जळाला की आपण चार दिवस अंधारात बसतो आणि शिव्या वायरमनला देतो. कायद्यात तर वीजचोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, २००३ च्या वीज कायद्याचं कलम १३५. आपा म्हणाल्या, पोलीस येवो न येवो, आकड्याच्या विजेवर शिजवलेलं माझ्या घशाखाली उतरणार नाही.

दुसरी गोष्ट ओल्या धान्याची. पैगंबर बाजारातून जात होते. धान्याची रास दिसली, त्यांनी आत हात घातला तर खाली ओलं लागलं. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. त्यांनी विचारलं, मग ओलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. आणि फसवणारा आपल्यातला नाही, असं बजावलं.

लक्षात घ्या, धान्य ओलं झालं हा गुन्हा नव्हता. ते खाली दडवलं हा गुन्हा. २०२० चा लॉकडाऊन आठवतो ना? मार्चमध्ये घरोघरी जाऊन रीडिंग घेणं थांबलं. दोन महिने सरासरीने बिलं आली, तीही आधीच्या थंडीच्या महिन्यांवरून काढलेली. जूनमध्ये खरं रीडिंग घेतल्यावर उन्हाळ्याचं सगळं एकदम अंगावर आलं. राज्यभर केवढा गदारोळ झाला. रीडिंग थांबलं यात कुणाची चूक नव्हती. पण आमच्या दारात कुणी वेळेवर, आमच्या भाषेत, बिल समजावून दिलं नव्हतं. ओलं वर ठेवलं असतं तर निम्मं भांडण तिथेच मिटलं असतं.

तिसरी गोष्ट दाराची. कुणाच्या घरात शिरण्याआधी परवानगी घ्यावी, सलाम करावा, नको म्हटलं तर परत जावं, हे कुराणाच्या चोविसाव्या सूरेत आहे. मीटर घराच्या आत असतो, बाई एकटी असते, माणूस धाडकन आत येतो. हे योग्य नाही. वीज कायद्यातही आहे, की चोरीच्या संशयाने घराची झडती घ्यायची असेल तर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरातला प्रौढ पुरुष हजर असल्याशिवाय घेता येत नाही. म्हणून कुणी आलं की आधी ओळखपत्र विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही. आणि तो नीट विचारून आला असेल तर त्याला पाणी द्या. पाणी लाच नाही.

चौथी गोष्ट लिहिण्याची. कुराणातली सगळ्यांत लांब आयत कशाबद्दल असेल? उधारीच्या कागदाबद्दल. देणंघेणं लहान असो की मोठं, लिहून ठेवायला कंटाळू नका, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, साक्षीदार ठेवावेत, असं त्यात सांगितलं आहे. हे वाचलं आणि आमच्या माना खाली गेल्या. बचत गटाचा जीव म्हणजे वही. त्या वहीत आम्ही 'दुरुस्ती' लिहून खोटं बोललो होतो, आणि साक्षीदार म्हणून बारा सह्या होत्या.

आता ताईचं काय झालं ते सांगतो, कारण नुसत्या उपदेशाने दिवा पेटत नाही.

आम्ही चौघी तिच्यासोबत ऑफिसात गेलो. लेखी अर्ज दिला, मीटर तपासायची मागणी केली, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घेतली. तिथल्या बाईंनी आधी टाळाटाळ केली, पण आम्ही बाकावर बसून राहिलो. वीज तोडतील ही ताईची भीती होती. तर कायद्याचं कलम ५६ असं सांगतं, की थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि बिलाबद्दल वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतली जी कमी ती निषेध नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. ताईने सरासरीचे पैसे भरले. तेवढ्यासाठी गटाने कर्ज दिलं आणि वहीत खरं कारण लिहिलं. आपांनी सही केली. आपा स्वतः गटातून व्याजाचं कर्ज घेत नाहीत. त्या विषयावर पुढे कधीतरी बोलू.

मीटर तपासला. मैत्रिणींनो, मीटर बरोबर निघाला. आम्हाला धक्काच बसला. झालं होतं असं, की ताई दिवसभर कामावर, दाराला कुलूप, म्हणून आठ महिने अंदाजाने बिल येत होतं. वापर त्याहून जास्त होता, कारण तिने डब्यांसाठी मिक्सर आणि फ्रिज घेतला होता. खरं रीडिंग घेतल्यावर सगळी युनिटं एकाच महिन्यात पडली. युनिटं वाढली की दर वरच्या टप्प्याचा लागतो, म्हणून नऊ हजार चारशे. ती युनिटं आठ महिन्यांवर वाटून हिशेब केला तेव्हा रक्कम सहा हजार शंभरवर आली. चार हप्ते करून मिळाले. सगळ्याला मिळून तीन महिने गेले, आणि आमच्यातल्या दोघींचा दोन-दोन दिवसांचा रोज बुडाला.

हिशेब करून बघा. तीन हजार देऊन टाकले असते तर स्वस्तात सुटलो असतो, असं कुणी म्हणेल. आमच्यातल्याही एकीने म्हटलं. पण ते पैसे देऊन युनिटं कुठे गेली असती? ती मीटरमध्येच होती. पुढच्या रीडिंगला परत दारात उभी राहिली असती, आणि तो पोरगाही. वापरलेल्या विजेचे पैसे ताईला द्यायचेच होते. तिच्यावर अन्याय झाला तो एकदम, न समजावता, चढ्या दराने मागितल्याचा.

हप्त्यांवरून पाचवी गोष्ट आठवते. देणेकरी अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, आणि सोडून दिलंत तर आणखी चांगलं, असं कुराणाच्या दुसऱ्या सूरेत आहे. ऐकताच आमच्यातल्या वारकरी घरच्या मावशी म्हणाल्या, हे तर आमच्या तुकोबांनी केलं. दुष्काळानंतर आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, ही कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. कंपनीने सगळी बिलं नदीत टाकावीत असं आमचं म्हणणं नाही, तिलाही पगार द्यायचे असतात. पण बुडवणारा आणि अडलेला यांत फरक करावा, अडलेल्याला हप्ते द्यावेत, आणि त्याच्याशी चार शब्द नीट बोलावेत.

आता त्या पोराबद्दल. आम्ही त्याची तक्रार केली नाही, हे आधी सांगतो. तो पुन्हा रीडिंगला आला तेव्हा मावशींनी त्याला ओट्यावर बसवलं आणि सरळ विचारलं, "बाळा, असं का मागितलंस?" तो आधी चिडला, मग खाली बघत म्हणाला, "कंत्राटदाराने दोन महिने पगार दिला नाही." मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्या, अशी पैगंबरांची शिकवण आपांनी आम्हाला सांगितली होती. म्हणजे या साखळीत पहिला अन्याय त्याच्यावर झाला होता आणि तो त्याने ताईवर ढकलला. त्याने त्याचं वागणं बरोबर ठरत नाही, आणि आपांनी ते त्याला तोंडावर सांगितलं. पण भर पावसात खांबावर चढणारा माणूस आपल्यासारखाच हातावर पोट असलेला आहे, हे त्या दिवसापासून आम्ही विसरलो नाही. वीज गेली की त्याच्या आईबहिणीवरून शिव्या देणं, अंगावर धावून जाणं, हे आमच्या वस्तीत होतं, तुमच्या गावातही होत असेल. ते थांबवायला हवं, आणि घरातल्या पुरुषांना आपणच थांबवू शकतो.

तक्रार न करण्यावरून आमच्यात अजून मतभेद आहेत. काही जणी म्हणतात, आज आपण सोडला, उद्या तो दुसरीकडे मागेल. त्यांचंही खरं आहे. म्हणून ठरवलंय, पुन्हा मागितलं तर गप्प बसायचं नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा फोन १०६४ आहे. आणि हे नीट ऐका, २०१८ साली कायदा बदलला, तेव्हापासून लाच देणंही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास करणाऱ्यांना कळवलं तर देणारीवर गुन्हा लागत नाही.

हे सगळं आपल्याला आणखी एका कारणासाठी शिकायचं आहे. उद्या खुर्चीवर आपणच असू. उत्तर प्रदेशात २०२० पासून बचत गटांच्या बायका विद्युत सखी म्हणून गावोगाव वीजबिलं गोळा करतात आणि त्यावर कमिशन मिळवतात. आपल्याकडे गटाच्या बायका रेशन दुकानं चालवतात, शाळेचा आहार शिजवतात. तिथे आपल्या हातात माप असतं, आणि समोर कुणीतरी गरजू उभी असते. तेव्हा आपण काय करणार?

आपा खलिफा उमर बिन अब्दुल अझीज यांची कथा सांगतात. आठव्या शतकात ते राज्य करत होते. रात्री दिव्याखाली सरकारी काम करत बसले असता भेटायला आलेल्या माणसाने घरची विचारपूस सुरू केली. त्यांनी तो दिवा विझवला आणि आपला स्वतःचा लावला. म्हणाले, तेल जनतेचं आहे, गप्पा माझ्या आहेत. आमच्या बैठकीत आता कुणी गटाच्या पैशाचा चहा मागवला की दुसरी हळूच म्हणते, दिवा विझव गं. मग सगळ्या हसतात आणि ज्याची त्याची वर्गणी निघते.

एक शेवटचं. पाणी, चारा आणि आग, या तीन गोष्टींत सगळ्या माणसांचा वाटा आहे, अशी एक हदीस आहे. मदिनेत रूमा नावाची विहीर होती, तिचं पाणी विकत मिळे. हजरत उस्मान यांनी ती विकत घेऊन सर्वांना खुली केली. पाणी आणि आग म्हणजे आजचे नळ, वीज आणि गॅस. या वस्तू साडीच्या दुकानातल्या मालासारख्या नाहीत. साडी महाग वाटली तर दुसऱ्या दुकानात जाता येतं. नळ आणि वीज तोडली तर जाणार कुठे? म्हणून हे विकणाऱ्यावर जबाबदारी जास्त, आणि सगळ्यांच्या वाट्याचं म्हणून जपून वापरायची जबाबदारी आपल्यावरही.

तर मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत एवढं करून बघा. प्रत्येकीने आपलं शेवटचं बिल आणावं आणि त्यावर रीडिंग खरं आहे की अंदाजाने, ते सगळ्यांनी मिळून वाचावं. दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहावा. घराला कुलूप असेल तर मीटरचा फोटो काढून कंपनीला कसा पाठवायचा, ते शिकलेल्या मुलीकडून समजून घ्यावं. पैसे दिले की पावती घ्यावी. वस्तीत कुठे आकडा असेल तर तो काढायला गटाने मदत करावी, नवीन जोडणीसाठी लागलं तर कर्ज द्यावं. आणि वही उघडून बघावी, कुठे 'दुरुस्ती' लिहिली आहे का.

आमच्या वहीत त्या दोन जुन्या नोंदी अजून आहेत. खोडायच्या का, असं आम्ही आपांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, खोडू नका. शेजारी खरं काय ते लिहा आणि आजची तारीख टाका. तसं लिहिलं. खाली बारा सह्या आहेत, या वेळी आपांचीही.

नमस्कार. सलाम. जय भीम.